अनवाणी पाय आणि वलवणचं पाणी

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलमध्ये राहून वलवणला गेला नाही असा प्राणी सापडणं कठीण. सबमिशन संपलं की वलवण, के.टी. लागली की वलवण, आणि मेसमध्ये सलग तिसऱ्या दिवशी दुधी आला तर नक्कीच वलवण! पण हे धरण कुणी बांधलं, असं व्हायवाला विचारलं, तर आपल्यातले निम्मे छताकडे बघतील. मीही बघितलं असतं. यंदा हॉस्टेलची धावण्याची शर्यत पुन्हा सुरू झाली आणि तिच्यामुळे मला हा माणूस सापडला. म्हणून हा लेख.

आधी शर्यतीबद्दल सांगतो. हॉस्टेलच्या गेटपासून वलवण धरणापर्यंत आणि तिथून परत, अशी एक शर्यत पूर्वी दर हिवाळ्यात व्हायची म्हणे. रेक्टर सरांच्या कपाटात तिचा एक पिवळा पडलेला फोटो आहे. मग केव्हातरी ती बंद पडली. यंदा आम्ही काही जणांनी ती पुन्हा भरवायची ठरवली. टी-शर्ट छापले, साउंड सिस्टिम आणली, प्रमुख पाहुणे बोलावले. फक्त घड्याळ आणायचं विसरलो! पहिला कोण आला हे सगळ्यांनी पाहिलं, पण दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावरून दोन विंगमध्ये जी जुंपली ती रात्री मेसपर्यंत चालू होती. त्या गोंधळात फर्स्ट इयरचा एक मुलगा बाजूला उभा होता. बूट नव्हते म्हणून तो अनवाणी धावला होता आणि पाचवा आला होता. तो किती मिनिटांत धावला, हे आज कुणीच सांगू शकत नाही. त्याला स्वतःलाही ते माहीत नाही.

पी.टी. सर आमच्यावर चिडले नाहीत. ते एवढंच म्हणाले की शंभर वर्षांपूर्वी पुण्यात अशीच एक शर्यत झाली होती, तिथेही पोरं अनवाणी होती, पण तिथे एक माणूस बसला होता ज्याला वेळेची किंमत कळत होती. आणि ज्या धरणाला वळसा घालून तुम्ही परत आलात, ते धरण त्याच माणसाच्या कंपनीचं. त्या माणसाचं नाव सर दोराबजी टाटा.

बापाचा मुलगा

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. वडील जमशेटजी, आई हिराबाई. घरात पैसा होता, पण जमशेटजींना मुलगा नुसता गादीवर बसवायचा नव्हता. शाळा संपल्यावर १८७५ मध्ये त्यांनी दोराबजींना इंग्लंडला पाठवलं. तिथे दोन वर्षं खासगी शिकवणी झाली आणि १८७७ मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात दाखल झाले. डिग्रीच्या बाबतीत म्हणाल तर ती केंब्रिजला मिळाली नाही. दोन वर्षांनी, १८७९ मध्ये, ते परत आले. पण या दोन वर्षांत ते क्रिकेट आणि फुटबॉल खेळले, टेनिस खेळले, होडी वल्हवायला शिकले, घोड्यावर बसायला शिकले. (घरी पत्र लिहिताना या गोष्टी किती आणि अभ्यासाच्या किती लिहिल्या असतील, हे हॉस्टेलवासीयांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावं.) नंतर मुंबईच्या सेंट झेवियर्समधून १८८२ मध्ये ते बी.ए. झाले.

त्यानंतर त्यांनी काय करावं? दोन वर्षं चक्क एका वर्तमानपत्रात बातमीदारी केली. 'बॉम्बे गॅझेट' हे त्याचं नाव. १८८४ मध्ये ते वडिलांच्या धंद्यात आले. तिथेही एकदम साहेबाची खुर्ची नाही मिळाली. आधी पाँडिचेरीला कापडगिरणी काढता येईल का ते बघायला पाठवलं, मग नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये काम शिकायला लावलं.

पुढे मेहेरबाई भाभांशी त्यांचं लग्न झालं. आपले अणुशास्त्रज्ञ होमी भाभा हे या मेहेरबाईंच्या भावाचे चिरंजीव. मेहेरबाई स्वतः उत्तम टेनिस खेळायच्या, तेही साडी नेसून, आणि त्यांनी ढिगाने बक्षिसं मिळवली होती. म्हणजे घरात दोघांनाही खेळाचं वेड!

बैलगाडीतून लोखंड

जमशेटजींनी तीन मोठी स्वप्नं पाहिली होती: पोलादाचा कारखाना, विज्ञानाची संस्था आणि पाण्यापासून वीज. तिन्हीपैकी एकही पूर्ण झालेलं त्यांना बघता आलं नाही. १९ मे १९०४ रोजी ते जर्मनीत वारले. आता तिन्ही स्वप्नं दोराबजींच्या खांद्यावर आली.

लोखंडाचा शोध तर वडील असतानाच सुरू झाला होता. अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड यांच्याबरोबर दोराबजी आपल्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, रानावनात फिरले. रस्ते नव्हते. बैलगाडी हेच वाहन. कोट्यधीशाचा मुलगा बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत दगड गोळा करतोय, हे दृश्य जरा डोळ्यांपुढे आणा. चांद्यात मनासारखं जमलं नाही. मग एक दिवस नागपूरच्या म्युझियममध्ये भूस्तरांचा रंगीत नकाशा त्यांच्या नजरेला पडला, त्यावरून दल्ली-राजहराच्या लोहखनिजाच्या टेकड्यांचा माग लागला आणि कामाला दिशा मिळाली. १९०७ मध्ये टिस्को स्थापन झाली, १९०९ मध्ये बंगळूरची विज्ञान संस्था आकाराला आली आणि १९१२ मध्ये साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पहिलं पोलाद तयार झालं. १९१० मध्ये सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला होता.

पाऊस मोजणारी माणसं

आता आपल्या वलवणकडे येऊ. लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला नवा नाही. जूनमध्ये वाळत घातलेली पँट सप्टेंबरात वाळते! वर्षाला ४ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एकीकडे हे पाणी दऱ्याखोऱ्यांतून वाहून जायचं आणि दुसरीकडे ७० किलोमीटरवर मुंबईच्या गिरण्या कोळसा जाळून वाफेवर चालायच्या. धूर मुंबईकरांच्या छातीत.

कल्पना साधी होती. पाणी घाटमाथ्यावर अडवायचं आणि खाली खोपोलीला सोडायचं. फॉर्म्युला आपल्याला सेकंड इयरलाच घोकवलेला आहे: घनता, गुरुत्वत्वरण, प्रवाह आणि उंची यांचा गुणाकार. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत पाण्याला सुमारे ५०० मीटरचं पतन मिळतं. सेकंदाला फक्त १ घनमीटर पाणी एवढ्या उंचीवरून आलं, तर नुकसान न धरता जवळपास ४.९ मेगावॉट शक्ती होते. उंची प्रचंड आणि पाणी त्या मानाने थोडं, म्हणजे पेल्टन व्हील लावायचं. पेल्टनची आकृती परीक्षेत काढून काढून आपले हात दुखले, पण ते व्हील आपल्या खिडकीबाहेरच्या घाटाखाली फिरतं, हे मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

पण कागदावर सोपं दिसणारं प्रत्यक्षात कुठे सोपं असतं? एक मोठी अडचण अशी की पाऊस चार महिने आणि गिरण्या बारा महिने. म्हणून तलाव एक नाही, तीन लागले: लोणावळा, वलवण आणि शिरवटा. पैशाचंही सोंग आणता येईना. लंडनच्या सावकारांशी जमलं नाही. शेवटी भांडवल देशातूनच उभं राहिलं, त्यात संस्थानिकही होते. नोव्हेंबर १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याला पायाभरणी झाली. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोचली. वलवणचा बांध १९१६ मध्ये पुरा झाला. आजही ही व्यवस्था चालू आहे, आणि तिचं वय आपल्या कॉलेजच्या कितीतरी पट आहे.

मला यात भावलं ते हे. घाटातला पाऊस हजारो वर्षं पडत होता. तो सगळ्यांनी पाहिला, त्यावर गाणीही केली. पण तो मोजला, पतन मोजलं, गुणाकार केला, तेव्हा कुठे त्याची वीज झाली.

पुण्याचं मैदान, १९१९

आता मूळ गोष्ट. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना सुरू झाला आणि दोराबजी त्याचे अध्यक्ष होते. १९१९ मध्ये जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा भरल्या. धावायला आलेली बरीचशी पोरं शेतकऱ्यांची. दिवसभर शेतात राबणारी, भाकरीवर जगणारी, पायात काही नसलेली. त्यांना युरोपातले नियम ठाऊक नव्हते आणि प्रशिक्षण म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. मैदान लहान आणि ओबडधोबड. म्हणून शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून, मधे दोऱ्या न बांधता घ्यायचं चाललं होतं. म्हणजे आमच्या हॉस्टेलसारखाच कारभार! केंब्रिजमध्ये खेळून आलेल्या माणसाला हे खटकलं नसतं तरच नवल.

पण दोराबजी नाक मुरडून घरी गेले नाहीत. ती अनवाणी पोरं धावली, त्यांच्या वेळा बघितल्या गेल्या आणि त्या युरोपातल्या तेव्हाच्या वेळांच्या मानाने चांगल्याच भरल्या. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड समोर होते. दोराबजींच्या मनात आलं, पुढच्या वर्षी बेल्जियममध्ये अँटवर्पला ऑलिंपिक आहे, तिथे हिंदुस्थानचा संघ का जाऊ नये?

मित्रांनो, देश पारतंत्र्यात होता. ऑलिंपिक म्हणजे काय हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. ना क्रीडामंत्री, ना फेडरेशन, ना स्पॉन्सर. दोराबजींनी गव्हर्नरांच्या मदतीने परवानगी मिळवली, समिती नेमली, निवड चाचण्या घेतल्या आणि जिथे पैसा कमी पडला तिथे स्वतःच्या खिशात हात घातला. १९२० मध्ये सहा जण बोटीने निघाले, चार धावपटू आणि दोन पैलवान.

त्यांतले फडेप्पा चौगुले बेळगावचे. सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे बाकीचे धावपटू, रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे पैलवान. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे नेहमीच्या मॅरेथॉनपेक्षाही थोडी लांब. ऑलिंपिकच्या इतिहासात एवढी लांब मॅरेथॉन दुसरी झाली नाही. चौगुले ती २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत धावून १९वे आले. शिंदे कुस्तीत कांस्यपदकाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परत फिरले. पदक एकही नाही. हात हलवत परत आले असं कुणी म्हणेल. पण बघा, शंभर वर्षांनंतरही मी तुम्हाला चौगुल्यांची वेळ सेकंदासकट सांगू शकतो आणि आमच्या फर्स्ट इयरच्या पोराची मिनिटंही सांगू शकत नाही!

दोराबजी एवढ्यावर थांबले नाहीत. एकदा हौस म्हणून संघ पाठवला आणि विसरले, असं झालं नाही. ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर भारताचे सदस्य झाले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी देशभरातून खेळाडू निवडले गेले. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली आणि पहिले अध्यक्ष दोराबजी झाले. पुढच्याच वर्षी अॅमस्टरडॅमला आपल्या हॉकी संघाने सुवर्णपदक आणलं. आणि १९५२ मध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा शिंद्यांचा राहिलेला हिशेब मराठी मातीनेच पुरा केला.

पाण्याखाली गेलेली बाजू

इथपर्यंत लिहून मी लेख सरांना दाखवायला नेला होता. वाटेत आमच्या मेसमधले मामा भेटले. ते मुळशीकडचे. त्यांनी विचारलं, कुणावर लिहिलंस? मी सांगितलं. मामा गप्प झाले आणि मग म्हणाले की आमच्या घरात टाटा म्हटलं की पहिल्यांदा बुडालेली जमीन आठवते. मी लेख परत खोलीवर आणला.

कारण तेही खरं आहे. खोपोलीच्या यशानंतर टाटांनी आणखी धरणं हाती घेतली. आंध्रा खोऱ्यात ठोकरवाडी झालं, भिवपुरीची वीज १९२२ मध्ये सुरू झाली. मग मुळशी. निळा आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ मोठा बांध घालायचा आणि पाणी कोकणात भिरा इथे सोडायचं, अशी योजना. त्यात पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी जाणार होत्या. भाताची खाचरं, घरं, देवळं, सगळं. १९२१ च्या रामनवमीला शेतकरी बांधावर जाऊन बसले. सेनापती बापटांनी नेतृत्व केलं, तुरुंगवास भोगला. बायकाही मागे राहिल्या नाहीत. धरणाविरुद्धचा हा लढा जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांपैकी एक मानला जातो. तो हरला. धरण झालं आणि १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

तेव्हा टाटा समूहाचे प्रमुख दोराबजीच होते. म्हणजे गमत बघा, की गमत कसली, दुःखच म्हणायचं. ज्या वर्षी याच माणसाच्या खटपटीने शेतकऱ्यांची पोरं अँटवर्पला धावली, त्याच्या पुढच्याच वर्षी त्याच्या कंपनीविरुद्ध शेतकरी आडवे पडले. पहिल्यांच्या पायांत काय आहे ते दोराबजींना दिसलं. दुसऱ्यांच्या पायांखाली काय आहे, ते तितकं दिसलं नसावं. पावसाचे मिलिमीटर मोजता येतात, पाण्याचे घनमीटर मोजता येतात. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या खाचराची किंमत कुठल्या एककात मोजायची? उद्या आपल्यापैकी कुणी सिव्हिलवाला धरणाच्या साइटवर जाईल तेव्हा त्याने हा प्रश्न बरोबर न्यावा. मोठ्या माणसाचं चरित्र लिहिताना हा भाग गाळला तर मामांना मी तोंड कसं दाखवू?

शेवटची वर्षं

१९२४ च्या सुमारास पोलादाचा कारखाना बुडायला आला. कामगारांचे पगार द्यायला पैसे नव्हते. तेव्हा दोराबजींनी स्वतःची सगळी मालमत्ता आणि मेहेरबाईंचे दागिने इंपीरियल बँकेत तारण ठेवून १ कोटी रुपयांचं कर्ज उभं केलं. त्या दागिन्यांत जुबिली हिराही होता, २४५ कॅरटचा, कोहिनूरपेक्षा मोठा. कारखाना वाचला.

१९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोराबजींनी पत्नीच्या नावे ट्रस्ट काढला, या रोगावरच्या संशोधनासाठी. मार्च १९३२ मध्ये आपली उरलेली सगळी संपत्ती, अगदी मोत्याच्या टायपिनसकट, दुसऱ्या ट्रस्टला देऊन टाकली. तो जुबिली हिरा विकून आलेले पैसेही पुढे त्यातच गेले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ३ जून १९३२ रोजी, युरोपच्या प्रवासात जर्मनीतल्या बाड किसिंगेन इथे त्यांचं निधन झालं. इंग्लंडमध्ये ब्रुकवूडच्या दफनभूमीत, मेहेरबाईंच्या शेजारी, त्यांना ठेवलं. त्यांच्या ट्रस्टच्या पैशातून पुढे मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था (१९३६), टाटा मेमोरियल हॉस्पिटल (१९४१) आणि टीआयएफआर (१९४५) उभ्या राहिल्या. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरचं कुणी ना कुणी टाटा हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहिलेलं असेल.

पुन्हा शर्यत

मावळात राहणाऱ्याला बंद पडलेली शर्यत पुन्हा सुरू होणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. दावणीचे बैल नुसते उभे राहिले, घाट ओस पडले. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. आता जत्रेला पुन्हा घाटात बारी सुटते. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या बाऱ्यांचं वैशिष्ट्य असं, की गाडा एकेकटा पळतो आणि निकाल सेकंदावर लागतो. पण आता नियम आहेत: अंतराची मर्यादा, बैलांची डॉक्टरी तपासणी, काठी-चाबकाला बंदी. जुन्या जाणत्यांना हे जाचक वाटतं, मला कबूल आहे. तरी खरं सांगायचं तर नियमांनीच ती शर्यत परत आणली. नुसत्या हौसेने ती आली नसती.

दोराबजींच्या आयुष्यातून मी एवढंच उचललं. परंपरा नुसत्या अभिमानाने टिकत नाही. कुणीतरी दोऱ्या बांधाव्या लागतात, कुणीतरी वेळ लिहून ठेवावी लागते, कुणीतरी खिशात हात घालावा लागतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हे सगळं करावं लागतं. शिवाय आपल्या कामाने कुणाचं काय बुडतंय, हेही कुणीतरी विचारावं लागतं.

तर सूचना अशी. पुढच्या हिवाळ्यात हॉस्टेलची शर्यत ठरलेल्या रविवारी होणार. साउंड सिस्टिम नसेल. दोन स्टॉपवॉच असतील, एक इन्स्ट्रुमेंटेशनच्या लॅबमधून आणि एक पी.टी. सरांचं. एक वही असेल, तिच्यात पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाची वेळ लिहिली जाईल आणि ती वही रेक्टर सरांच्या कपाटात, त्या पिवळ्या फोटोशेजारी राहील. वर्गणी काढून एक बुटांचा जोडही घेतलाय. कुणासाठी ते सांगत नाही. मात्र त्याने परवाच सांगून टाकलंय की बूट तो घालेल, पण जेवायला जाताना. धावणार अनवाणीच!

हरकत नाही. घड्याळ तयार आहे.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी